स्वभावाला औषध असते का?

लग्नाच्या बैठकीत शिक्षण, नोकरी, घरदार यांची चौकशी उरकते आणि मग कुणीतरी वडीलधारे हळूच विचारतात, ‘‘बाकी सगळे ठीक आहे; पण मुलाचा स्वभाव कसा आहे?’’ उत्तर ठरलेले असते, ‘‘अगदी शांत आहे हो. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.’’ दोन-तीन वर्षांनी हाच शांत मुलगा घरात शब्दाशब्दाला भडकतो, असे सुनेच्या माहेरी कळते. मग एक बाजू म्हणते, ‘आमची फसवणूक झाली.’ दुसरी बाजू म्हणते, ‘स्वभावाला औषध नाही.’ गंमत अशी, की यात बहुधा कुणीच खोटे बोललेले नसते. मित्रांत, नातेवाईकांत, कार्यालयात तो खरोखरच शांत असतो. ‘स्वभाव’ या एका शब्दात आपण किती निरनिराळ्या गोष्टी कोंबतो, एवढेच यातून दिसते.

हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो आणि त्यावर फार मोठे निर्णय घेतो. लग्न जुळवताना, मुलाची शाखा निवडताना, नोकरीत कुणाला बढती देताना, भावाशी बोलणे टाकताना आपल्या मनात समोरच्याच्या स्वभावाचा एक निकाल लिहून तयार असतो. तो निकाल कितपत भरवशाचा असतो? माणसे एकमेकांपासून खरोखर कशात वेगळी असतात, आणि ती जशी वागतात तशी का वागतात? गेल्या सुमारे शंभर वर्षांत मानसशास्त्राने या प्रश्नांवर बरेच काम केले आहे. त्यातले काही निष्कर्ष आपल्या घरगुती समजुतींना दुजोरा देतात, तर काही त्यांना चांगलाच धक्का देतात.

माणसांचे कप्पे

माणसांची वर्गवारी करण्याचा मोह फार जुना आहे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने शरीरातील चार द्रवांच्या कमीअधिक प्रमाणावरून माणसाच्या वृत्तींची मांडणी केली. आपल्याकडे आयुर्वेदाने वात, पित्त, कफ यांच्या आधारे प्रकृती सांगितल्या, तर भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायात सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांचा विचार आला. चरकसंहितेत तर मनाच्या घडणीवरून माणसांचे सोळा प्रकार वर्णिले आहेत. विसाव्या शतकात कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथाचा आधार घेऊन एक प्रश्नावली तयार केली. तिच्यातही माणसांचे प्रकार सोळाच निघाले! आज अनेक कंपन्यांच्या प्रशिक्षण वर्गांत ही चाचणी घेतली जाते आणि मंडळी आपापली चार अक्षरे राशीसारखी मिरवतात.

अशा वर्गवारीत अडचण ही, की माणसे कप्प्यांत मावत नाहीत. उंचीचे उदाहरण घेऊ. समाजात ‘उंच’ आणि ‘बुटके’ असे दोन गट नसतात. बहुसंख्य लोक मध्यम उंचीचे असतात आणि दोन्ही टोकांना मोजकेच. अंतर्मुखता आणि बहिर्मुखता यांचेही तसेच आहे. बरेचसे लोक मधल्या पट्ट्यात असतात. नेमक्या मध्यावर रेघ मारून अलीकडच्यांना एक नाव आणि पलीकडच्यांना दुसरे नाव दिले, की रेघेलगतची दोन जवळजवळ सारखी माणसे परस्परविरुद्ध ठरतात. म्हणूनच ही चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली, तर अनेकांच्या चार अक्षरांपैकी एखादे तरी बदललेले आढळते.

मग अशी वर्णने इतकी पटतात का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी त्याचे उत्तर १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दिले. त्यांनी वर्गातील ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हाती त्याचे म्हणून एक व्यक्तिचित्र ठेवले. ते कितपत जुळते, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी चारांहून अधिक गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिलेला होता, आणि तोही बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला! ‘तुम्ही बाहेरून खंबीर दिसता, पण आतून कधीकधी साशंक असता’ अशा धर्तीचे वाक्य कुणाला लागू पडणार नाही? हल्ली बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल आणि स्वभाव सांगणाऱ्या महागड्या चाचण्या पालकांच्या गळ्यात मारल्या जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. पण अहवाल वाचताना ‘अगदी आमच्या बाळ्याचेच वर्णन’ असे वाटते, ते याच कारणाने.

पाच मोजपट्ट्या

कप्पे चुकीचे म्हणून स्वभावभेदच खोटे, असे मात्र नाही. ते शोधण्याची एक साधी पण फलदायी वाट भाषेतून निघाली. माणसामाणसांतले जे फरक रोजच्या व्यवहारात महत्त्वाचे ठरतात, त्यांच्यासाठी लोक शब्द घडवतातच, असा त्यामागचा विचार. आपली मराठी या बाबतीत भलतीच श्रीमंत आहे. घुमा, बोलघेवडा, भिडस्त, तापट, आतल्या गाठीचा, मनमोकळा, टापटिपीचा, वेंधळा, धांदरट, चिकट, हळवा, कुजकट... यादी संपता संपणार नाही. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोश असाच पिंजून काढला, तेव्हा माणसांचे वेगळेपण सांगणारे सुमारे १८ हजार शब्द त्यांच्या हाती लागले.

पुढच्या काही दशकांत संशोधकांनी पाहिले, की यांतील पुष्कळ शब्द जोडीने वावरतात. ज्याला लोक बोलघेवडा म्हणतात, त्याला बहुधा उत्साही आणि माणूसवेडाही म्हणतात. संख्याशास्त्राच्या मदतीने असे शब्द एकत्र बांधत गेल्यावर पाच मोठ्या जुड्या पुन:पुन्हा हाती येऊ लागल्या. पहिली बहिर्मुखता. दुसरी सौहार्द, म्हणजे इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती. तिसरी कर्तव्यदक्षता, तीत शिस्त, नेटकेपणा, हाती घेतलेले तडीला नेणे हे सारे आले. चौथी भावनिक अस्थिरता, म्हणजे काळजी, चिडचीड, उदासी यांकडे असलेला कल. पाचवी नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा. या पाच मोजपट्ट्या आहेत, पाच प्रकार नव्हेत. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठे ना कुठे असतोच. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही आपली म्हण या अर्थाने सोळा प्रकारांच्या चाचणीपेक्षा शास्त्राला अधिक जवळची आहे.

बीज आणि जमीन

एकाच आईच्या पोटची दोन मुले इतकी वेगळी कशी, हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून लहानपणीच वेगळ्या झालेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. निरनिराळ्या घरांत वाढलेली एकसारखी जुळी भावंडे स्वभावाने आश्चर्य वाटावे इतकी सारखी निघाली. अशा अनेक अभ्यासांतून आज असे मानले जाते, की माणसामाणसांतील स्वभावभेदांपैकी सुमारे ४० ते ५० टक्के भेदांची संगती आनुवंशिकतेने लावता येते.

या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ‘माझा राग निम्मा वडिलांकडून आला’ असा तो नाही. एका शेतात निरनिराळ्या वाणांची ज्वारी पेरली, तर ताटांच्या उंचीतला फरक बराचसा वाणामुळे दिसेल. एकच वाण निरनिराळ्या जमिनींत पेरला, तर फरक जमिनीमुळे दिसेल. प्रत्येक ताट मात्र वाण आणि जमीन दोहोंतूनच वाढते. त्याची वाटणी करता येत नाही.

हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या तान्ह्या मुलांना अनोळखी आवाज, वास आणि हलती खेळणी यांचा अनुभव देऊन पाहिला. सुमारे २० टक्के बाळे हातपाय झाडून रडू लागली. सुमारे ४० टक्के बाळे निवांत राहिली. पहिल्या गटातील बरीच मुले पुढे बुजरी झाली, पण सगळी नव्हे. जन्मजात कल असतो, तो बराच काळ टिकतो. मात्र त्यातून पुढे काय घडेल, हे आधीच ठरलेले नसते. ज्या आईला ‘तुझ्या लाडाने मूल बुजरे झाले’ असे घरादाराने ऐकवले आहे, तिला हे कळणे फार गरजेचे आहे.

घाईत असलेले पुरोहित

आता दुसरी बाजू. स्वभाव माहीत असला, की वागणूक सांगता येते, असे आपण गृहीत धरतो. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हजारो शाळकरी मुलांना लबाडी करण्याच्या निरनिराळ्या संधी देऊन पाहिल्या. परीक्षेत नक्कल करणारे मूल खेळातही फसवेल किंवा पैसे उचलेल, असे काही दिसले नाही. ‘प्रामाणिक मुले’ आणि ‘लबाड मुले’ अशी सरळ विभागणी सापडलीच नाही.

जॉन डार्ली आणि डॅनिएल बॅटसन यांचा १९७३ सालचा प्रयोग तर अंतर्मुख करणारा आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या ४० तरुणांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण द्यायला सांगितले होते. काहींचा विषय होता बायबलमधील परोपकारी वाटसरूची कथा. वाटेत एक माणूस दारापाशी कण्हत पडलेला होता. तो अर्थात प्रयोगातलाच. ज्यांना भरपूर वेळ आहे असे सांगितले होते, त्यांच्यापैकी ६३ टक्के त्याच्यासाठी थांबले. ज्यांना उशीर झाला आहे असे सांगितले होते, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. कोण कोणत्या भावनेने धर्माकडे वळला आहे, यावरून कोण थांबेल हे सांगता आले नाही. घड्याळावरून मात्र बरेचसे सांगता आले. सकाळी साडेआठच्या लोकलमागे धावणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजायला प्रयोगाची गरज पडू नये.

वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली असे पुरावे एकत्र मांडले आणि स्वभाव नावाची काही चीज आहे की नाही, यावर मोठा वाद पेटला. तो कालांतराने शमला, आणि त्यातून एक समंजस उत्तर हाती आले. एखाद्या माणसाचे एका विशिष्ट क्षणीचे वागणे स्वभावावरून ओळखणे कठीण असते. पण महिनोन्महिन्यांच्या वागण्याची सरासरी काढली, तर स्वभाव स्पष्ट दिसतो. शिवाय, मिशेल आणि युइची शोडा यांनी मुलांच्या उन्हाळी शिबिरातील निरीक्षणांतून दाखवले, की विसंगत वाटणाऱ्या वागण्यातही प्रत्येकाची अशी एक ठेवण असते. एक मूल सवंगड्यांनी चिडवले की हात उगारते, पण मोठ्यांनी दटावले तर ऐकून घेते. दुसऱ्याचे नेमके उलटे. बेरीज केली तर दोघेही सारखेच ‘भांडखोर’ दिसतील. प्रत्यक्षात ती दोन अगदी निराळी मुले आहेत, आणि त्यांना समजावण्याची वाटही निराळी.

सुरुवातीच्या शांत मुलाचे कोडे इथे सुटते. ‘तो शांत आहे की तापट?’ हा प्रश्नच अपुरा होता. ‘तो केव्हा तापतो?’ असे विचारायला हवे होते.

आपल्याला एक माप, दुसऱ्याला दुसरे

परिस्थितीचा हा प्रभाव आपल्याला ठाऊक नसतो, असे नाही. स्वत:च्या बाबतीत तो चांगलाच ठाऊक असतो. मला उशीर झाला, तर पुलावर गाडी अडकली होती. सहकाऱ्याला उशीर झाला, तर तो बेफिकीर आहे. माझा मुलगा नापास झाला, तर पेपर कठीण होता. शेजाऱ्याचा झाला, तर तो उनाड आहे. दुसऱ्याच्या वागण्यात परिस्थितीचा वाटा कमी लेखून सारे खापर स्वभावावर फोडायचे, या सवयीला ली रॉस यांनी १९७७ साली ‘कारणमीमांसेतील मूलभूत चूक’ असे नाव दिले.

या संदर्भात आपल्याच देशातील एक निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जोन मिलर यांनी १९८४ साली अमेरिकेतील शिकागो आणि आपल्याकडील म्हैसूर येथील लोकांना ओळखीच्या माणसांच्या वागण्याची कारणे विचारली. लहान मुलांच्या उत्तरांत दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. वय वाढेल तसे अमेरिकन लोक अधिकाधिक स्वभावाची कारणे देऊ लागले, तर म्हैसूरचे लोक नाती, जबाबदाऱ्या आणि प्रसंग यांची. याचा अर्थ, माणसाकडे त्याच्या परिस्थितीसह पाहण्याची दृष्टी आपल्या भवतालातून आपल्याला मिळत आलेली आहे. शहरी जीवनाच्या धबडग्यात, जिथे समोरचा माणूस आपल्याला पाच मिनिटेच भेटतो, तिथे ती हरवू न देणे महत्त्वाचे.

वागण्यामागची ओढ

स्वभाव आणि परिस्थिती यांच्या जोडीला तिसरी गोष्ट येते, ती म्हणजे प्रेरणा. दोन मुली रात्री बारापर्यंत अभ्यास करतात. एकीला विषयाची गोडी आहे, दुसरीला कमी गुण पडले तर घरात होणाऱ्या अबोल्याची भीती आहे. बाहेरून दोघीही ‘अभ्यासू’च. पण परीक्षा संपल्यावर पुस्तक कोण उघडेल, हे सांगायला फार विचार करावा लागत नाही.

मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली बालवाडीतील, मुळातच चित्रांची आवड असलेली मुले निवडली. काहींना ‘चित्र काढाल तर प्रशस्तिपत्रक मिळेल’ असे आधीच सांगून ते दिले. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले, तर हीच मुले इतरांच्या तुलनेत निम्माच वेळ चित्रे काढत होती. आवडीचे काम बक्षिसासाठीचे काम झाले होते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे मांडले, की माणसाच्या मनाला तीन गोष्टींची भूक असते: आपले निर्णय आपण घेतो आहोत ही भावना, आपल्याला काही जमते आहे हा अनुभव, आणि आपली माणसे आपल्यासोबत आहेत हा विश्वास. जिथे या तिन्हींची उपासमार होते, तिथे उत्साही माणूसही ‘आळशी’ दिसू लागतो. एखाद्या कार्यालयातील सगळाच विभाग कामचुकार वाटू लागला, तर दोष माणसांचा की कामाच्या पद्धतीचा, हे आधी तपासावे.

मग औषध आहे का?

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असे आपण म्हणतो. संशोधनाचे उत्तर इतके निराश नाही. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ९२ दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. तेव्हा दिसले, की विशीपासून चाळिशीपर्यंत बहुतेक माणसे अधिक जबाबदार आणि भावनिकदृष्ट्या अधिक स्थिर होत जातात. नोकरी, संसार, मुले ही सगळी ‘जमीन’ स्वभावावर काम करत असते. २०१७ साली त्याच गटाने २०० हून अधिक अभ्यास तपासून दाखवले, की मानसोपचारांसारख्या प्रयत्नांनी काही महिन्यांत स्वभावात मोजता येईल असा फरक पडतो, आणि सर्वांत जास्त फरक भावनिक अस्थिरतेत पडतो. म्हणजे ज्या काळजीखोर, चिडक्या वृत्तीला आपण ‘स्वभावच तसा’ म्हणून आयुष्यभर सोसतो किंवा सोसायला लावतो, तीच उपचारांना सर्वाधिक दाद देते.

अर्थात घुम्या माणसाचा बोलघेवडा होणार नाही, आणि तसा होण्याची गरजही नाही. बदल होतो तो टप्प्याटप्प्याने आणि स्वत:ची इच्छा असेल तर. आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वागण्याची कारणे समजून घेणे म्हणजे वागणे पाठीशी घालणे नव्हे. घरात हात उगारणाऱ्याचा ‘स्वभाव’ किंवा ‘कामाचा ताण’ हे स्पष्टीकरण असू शकते, सबब नाही. उलट तो कार्यालयात साहेबासमोर स्वत:ला आवरू शकतो, हाच तो घरीही आवरू शकेल याचा पुरावा आहे.

सर्वांत जपून वापरायला हवेत ते शब्द मुलांच्या बाबतीत. ‘आमचा धाकटा धांदरट’ हे पाहुण्यांसमोर दहादा बोलले गेले, की धाकट्याला ते आपले नावच वाटू लागते. त्याऐवजी ‘आज डबा विसरलास, उद्या काय केलेस म्हणजे आठवेल?’ असे विचारले, तर गोष्ट डब्यापुरती राहते आणि तिच्यावर उपायही सापडतो.

तेव्हा पुढच्या वेळी बैठकीत स्वभावाची चौकशी करायची झाली, तर जरा वेगळे विचारून पाहावे. याला राग कशाने येतो? आल्यावर हा काय करतो? चूक झाली तर कबूल करतो का? कशात रमला की याला वेळेचे भान राहत नाही? या प्रश्नांची उत्तरे ‘शांत आहे’ इतकी सोयीची नसतील. पण ज्या माणसाबरोबर आयुष्य काढायचे, त्याची खरी ओळख त्यांतूनच होईल. आणि हेच प्रश्न अधूनमधून स्वत:लाही विचारायला हरकत नाही.